दोन महिन्यांसाठी आंधळी कुत्री घरी येतेय: तयारी काय करायची, शिकवायचं काय

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. एका रेस्क्यू गटाकडे दीड वर्षाची, साधारण १४ किलोची गावठी कुत्री आहे. गोचीडतापात दोन्ही डोळे सुजले आणि दृष्टी गेली. डावा डोळा काढला, उजवा आहे पण त्याने दिसत नाही. दोन महिन्यांसाठी फॉस्टर, म्हणजे दत्तक घेणारं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणारं घर, हवंय. घरात सहा वर्षांचा कुत्रा आणि आठ वर्षांची मुलगी आहे. जमेल का, आणि शिकवायचं काय नि कसं?

जमेल. फक्त पहिले आठ-दहा दिवस घरातलं एक मोठं माणूस दिवसभर घरी हवं.

आंधळ्या कुत्र्याबद्दल एक सल्ला सगळीकडे मिळतो: फर्निचर हलवू नका. ज्याच्या घरी कुत्रं कायमचं राहणार आहे त्याच्यासाठी तो बरोबर आहे, फॉस्टरसाठी अर्धाच. तुमचा फ्लॅट तिला तोंडपाठ झाला आणि दुसरं काहीच आलं नाही, तर नव्या घरी ती पहिल्याच दिवशी भिंतीला चिकटून बसेल आणि आठवड्याभरात ‘नाही हो जमत’ असा फोन येईल. म्हणून पहिले तीन-चार आठवडे घर जसंच्या तसं ठेवा. त्यानंतर तेच घर मुद्दाम थोडं थोडं बदला, मग तिला दुसऱ्या घरी न्या. अनोळखी जागा हुंगत, चाचपत शोधून काढणं हा तिच्या शिक्षणाचा मुख्य विषय. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

आधी उजवा डोळा

दिसत नसलेला डोळा दुखू शकतो, आणि चांगलाच दुखतो. डोळ्याच्या आतली सूज उतरली तरी आतलं पाणी निचरायची वाट बुजलेली असू शकते. मग प्रेशर वाढतं, म्हणजे काचबिंदू. कुत्र्याच्या डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २५ मिमी पारा असतं. ते ३० च्या वर गेलं की दुखणं धरून चाला. कुत्रं यासाठी ओरडत नाही. ते जास्त झोपतं, डोळा अर्धवट मिटून ठेवतं, त्या बाजूने डोक्याला हात लावू देत नाही, तोंड सोफ्याला घासतं. बुबुळ निळसर-ढगाळ दिसतं, पांढऱ्या भागात शिरा लाल होतात, डोळा खोबणीतून पुढे आल्यासारखा वाटतो.

‘चिडकी आहे, हात लावला की गुरगुरते’ असं कोणी सांगितलं असेल तर ट्रेनर शोधण्याआधी प्रेशर मोजून घ्या. त्याचं यंत्र प्रत्येक व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) नसतं, तेव्हा फोन करून विचारूनच जा. शिरवळ, परळ, नागपूर, परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पुण्याहून शिरवळ सगळ्यात जवळ. थेंबांनी प्रेशर आटोक्यात येत नसेल तर तो डोळाही काढणं हेच बहुतेक वेळा योग्य असतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण दुखणारा आंधळा डोळा ठेवून कुत्रीला काहीच मिळत नाही. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर गळ्यात प्लॅस्टिकचा कोन लागतो आणि आंधळ्या कुत्र्याला तो फार जड जातो. कोनाची कड मिशांच्या पुढे येते, आवाज कुठून येतोय तेही नीट कळत नाही. त्या दिवसांत तिला घरातही लीशवर (हातात धरायच्या दोरीवर) फिरवा. शिकवणी बंद.

घरातले उरलेले थेंब कधीच घालू नका. माणसांच्या पुष्कळ थेंबांत स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड पडलं तर जखम भरत नाही, खोल जाते, प्रसंगी आरपार भोक पडतं. व्हेट आधी डोळ्यात हिरवट-पिवळा रंग घालून बघतात तो ही जखम शोधायलाच. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आणि मलम शेवटी.

गोचीडतापाचा कोर्स अजून चालू असेल तर बहुधा डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) असेल, सहसा २८ दिवसांचं. दहाव्या दिवशी कुत्री उड्या मारायला लागते आणि लोक गोळी बंद करतात. तसं करू नका. गोळी रिकाम्या पोटी किंवा पाण्याशिवाय दिली तर अन्ननलिका जळू शकते. दुधात, पनीरमध्ये लपवून दिली तर कॅल्शियममुळे पुरती लागू पडत नाही. भाताच्या छोट्या गोळीतून द्या आणि वर पाणी पाजा.

आणखी एक तपासणी घरीच होते. संध्याकाळी खोलीत अंधार करा, ती शांत असताना ट्यूब लावा, बंद करा. कान किंवा मान हलते का बघा. दुसऱ्या वेळी तिच्या नाकापासून हातभर अंतरावर कापसाचा बोळा वरून सोडा. कापसाचा आवाज होत नाही आणि वाराही लागत नाही, त्यामुळे मान वळली तर थोडी नजर शिल्लक आहे असं समजा. डोळ्यापुढे हात झटकून बघू नका. हाताचा वारा लागूनही पापणी मिटते. उजेड-सावली कळत असेल तर रात्री पॅसेजमध्ये झिरोचा दिवा ठेवा, बराच उपयोग होतो.

आल्यावर पहिले चौदा दिवस

तुमचा कुत्रा आणि ही यांना १४ दिवस वेगळं ठेवा. डिस्टेंपर, पार्व्हो (कुत्र्यांचे संसर्गजन्य आजार) अंगात असेल तर बहुतेक वेळा एवढ्या दिवसांत दिसतं. तुमच्या कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी वेगळंच ठेवा. गोचीड, जंत, रेबीजची लस यांचा कागद गटाकडून हातात घ्या, तोंडी नको. कानाला खाच असेल तर बहुधा नसबंदी झालेली आहे. पुणे महापालिकेत पाळीव कुत्र्याची नोंद लागते. फॉस्टरच्या काळात जबाबदारी कोणाच्या नावावर, ते गटाशी आधीच बोलून घ्या. सोसायटीतून कोणी ‘कुत्रं चालणार नाही’ म्हणालं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. त्यांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही.

या दोन आठवड्यांत तिचं जग म्हणजे एक खोली. मोठी बेडरूम नको, लहान द्या. खोली जेवढी लहान तेवढी ती लवकर पाठ होते. गुडघ्यांवर बसा, तिच्या नाकाच्या उंचीवरून खोली बघा. दिवाणाचा कोपरा, टीपॉयची कड, कपाटाचं अर्धवट उघडं दार, इस्त्रीच्या टेबलाचे पाय, लोंबणारी चार्जरची वायर. कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळून चिकटपट्टी लावा. फोमचे तुकडे लावले तर दीड वर्षाची कुत्री ते दुपारपर्यंत खाऊन टाकते. दारं एक तर पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघडं दार सगळ्यात वाईट. भिंतीच्या कडेने येताना त्याची कड थेट कपाळावर बसते. बाल्कनीच्या ग्रिलमधून तिचं डोकं जात असेल तर जाळी बांधा. उडी मारण्याइतपत काही चढून जायला मिळत असेल तर बाल्कनी बंदच ठेवा.

खोलीत एक ठाणं ठरवा: पाण्याचं भांडं आणि शेजारी अंथरूण. दोन्ही दोन महिने जागचे हलवायचे नाहीत. गोंधळली, गोल फिरायला लागली, कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली की लीशने हळू ठाण्यावर आणा आणि थांबा. तिथून ती पुन्हा दिशा धरते. उचलून नेऊ नका. उचललं की पायाखालचा नकाशा तुटतो. उचलावंच लागलं तर खाली ठेवायचं तेही ठाण्यावरच. एकाच दिशेने सतत गोल फिरणं, मान एका बाजूला कललेली, चालताना झोक जाणं ही मात्र गोंधळाची लक्षणं नाहीत. ती मेंदूची किंवा कानाची असू शकतात. व्हेटला दाखवा.

पहिले दोन-तीन दिवस ती खाणार नाही, झोपेल किंवा भिंतीला टेकून बसेल. बसू द्या. घरातली सगळी माणसं ‘बिच्चारी’ म्हणत पाळीपाळीने कुरवाळायला येतात, ते थांबवा. दर दहा मिनिटांनी कुठून तरी एक नवा हात अंगावर पडणं हे तिला प्रेम वाटत नाही.

तीन पायपुसणी

वेगवेगळ्या स्पर्शाची तीन पायपुसणी घ्या आणि प्रत्येकाचा एकच अर्थ ठरवा. काथ्याचं खरखरीत म्हणजे दार. गोणपाटाचं म्हणजे पाणी आणि ठाणं. खाचांचं रबरी म्हणजे पुढे पायरी किंवा उंबरा. काथ्याचं दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीपासून एक पाऊल अलीकडे ठेवा. म्हणजे पाय पडल्यावर थांबायला जागा राहते. रबरी जिन्याच्या पहिल्या पायरीअलीकडे दोन पावलं, पूर्ण रुंदीभर. अरुंद तुकडा टाकला तर ती बाजूने निघून जाते आणि खुणेचा अर्थच मोडतो. गोणपाट गुळगुळीत फरशीवर सरकतं. खाली रबराची जाळी घाला.

ही तिन्ही पुढे तिच्याबरोबर नव्या घरी जाणार आहेत. तेव्हा घरच्या पायपुसण्यांपेक्षा वेगळी, बाजारातून मुद्दाम आणलेली घ्या.

वास वापरायचा तर एकच वापरा. दाराच्या पायपुसण्यावर आठवड्यातून एकदा व्हॅनिला इसेन्सचा एक थेंब पुरे. लोक उत्साहाने प्रत्येक खोलीला वेगळं अत्तर लावतात आणि घराचं अगरबत्तीचं दुकान होतं. कुत्र्याच्या नाकाला एवढं लागतच नाही. कापूर, डांबरगोळ्या, निलगिरी किंवा टी-ट्री तेल अजिबात नको. ही कुत्र्याला विषारी आहेत. फरशी पुसायला उग्र फिनेल वापरत असाल तर दोन महिने ते बंद करून साधं साबणाचं पाणी घ्या. रोज सकाळी फिनेलने सगळी फरशी पुसली की तिने काल घातलेले वासाचे रस्ते पुसले जातात. कामाच्या मावशींना हे नीट समजावून सांगा, आणि हेही की केर काढताना सरकवलेली खुर्ची परत तिथेच यायला हवी. खुर्चीच्या चार पायांच्या जागी फरशीवर टेपचे तुकडे लावले की हा प्रश्न रोज उरत नाही.

रेडिओबद्दल: दिवसभर मोठ्याने चालू ठेवू नका. एका ठरावीक कोपऱ्यात, हळू आवाजात, दिवसातून काही तास चालला तर तो दिशेची खूण होतो. सारखा चालला तर तुमच्या पावलांचे आवाज त्यात बुडतात. कूलर आणि मिक्सरचंही तेच. मिक्सर लावण्याआधी तिला ठाण्यावर बसवा.

शब्द

सगळ्यांनी एकच भाषा आणि तेच शब्द वापरायचे. आई ‘बस’, बाबा ‘सिट’ आणि मावशी ‘बैठो’ असं चाललं तर डोळस कुत्रं हातवाऱ्यावरून निभावून नेतं. हिच्याकडे तो मार्ग नाही. शब्द एकमेकांसारखे वाजायला नकोत. ‘हात’, ‘शिव’, ‘थांब’, ‘जपून’, ‘वर’, ‘उतर’ हे सहा पुरतात. कागदावर लिहून फ्रिजला लावा.

खाऊ म्हणजे मटाराच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा, अंड्याचा किंवा पनीरचा तुकडा, मिठाशिवाय (डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर पनीर नको). कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नाही. दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ही कुत्री पळणार कमी, वजन पटकन चढतं. खाऊ फेकायचा नाही. खालच्या ओठाजवळ नेऊन द्यायचा. जमिनीवर पडला की ती शोधायला लागते आणि शिकवणी तिथेच संपते.

पहिल्या दिवशी फक्त जिभेने ‘टक्’ आणि लगेच खाऊ, दहा वेळा. टक् म्हणजे ‘बरोबर, खाऊ येतोय’. मान वळायला लागली की पुढे. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणाआधी.

‘हात’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. अचानक स्पर्श झाला की आंधळं कुत्रं दचकतं, आणि दचकलेलं कुत्रं विचार करायच्या आत दात लावतं. म्हणून ‘हात’ म्हणा, एक सेकंद थांबा, खांद्याला बोटं लावा, टक्, खाऊ. क्रम हाच. शब्द आणि स्पर्श एकाच वेळी झाले तर शब्दाचा इशारा उरत नाही. खांदा जमला की मान, मग पाठ, पाय, कान. डोळ्याची बाजू सगळ्यात शेवटी. झोपेत असेल तर दोन हात लांबून बोला, कान हलेपर्यंत थांबा, मगच जवळ जा. कान हलला नाही तर पुन्हा बोला. पायाने फरशीवर हलकं टपटप केलं तरी चालतं, कंप तिला कळतो.

‘शिव’ म्हणजे तळहाताला नाक लाव. तळहाताला चिकन चोळा, नाकापासून चार बोटांवर धरा. तिने नाक लावलं की टक्. शब्द आधी नको. पाच-सहा वेळा स्वतःहून लावलं की मग शब्द जोडा. हळूहळू अंतर वाढवा, एक हात, दोन पावलं, खोलीभर. लांब असताना बोटाने मांडीवर चापट्या मारत राहा म्हणजे दिशा मिळते. हे एकदा बसलं की तिला ओढायची गरज उरत नाही. लिफ्टमध्ये, गाडीत, व्हेटच्या वजनकाट्यावर, सगळीकडे ‘शिव’ने नेता येते.

‘थांब’ जीव वाचवणारा शब्द आहे आणि तोच सगळ्यात जास्त बिघडतो. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि लीश लावून खोलीत चाला. ‘थांब’ म्हणा, अर्धा सेकंद जाऊ द्या, मग स्वतः थांबा. लीश आपोआप ताणेल, ती थांबेल, टक्, खाऊ. आधी लीश खेचून मग शब्द म्हटला तर ती शब्द ऐकायला शिकत नाही, खेचण्याची वाट बघायला शिकते. पंधरा-वीस वेळा झालं की लीश ताणण्याआधीच पाय थांबायला लागतात. त्यानंतरच खऱ्या अडथळ्यासमोर वापरा, आणि तोही तिचं नाक दोन पावलं लांब असताना. सगळ्यांची चूक एकच: ती खुर्चीवर आपटते आणि मग आपण ‘थांब थांब थांब’ ओरडतो. चार वेळा असं झालं की ‘थांब’चा अर्थ ‘आता लागणार’ होतो आणि तो ऐकून ती घाबरून पुढे पळते. तसं झालं असेल तर शब्द टाकून द्या, नवा घ्या, पहिल्यापासून सुरू करा.

‘जपून’ म्हणजे वेग कमी कर. लीश आखडत चाल अर्धी करायची आणि शब्द त्याच्या अर्धा सेकंद आधी. गर्दीत, ओल्या फरशीवर, लिफ्टच्या दारात हा शब्द लागतो.

पायऱ्या, लिफ्ट, रस्ता

चढणं सोपं, उतरणं अवघड. एका सुट्या पायरीपासून सुरू करा, सोसायटीच्या दारातली असते ती. पायरीला पायाने दोन टकटक, ‘वर’, तळहात पायरीवर धरून ‘शिव’. पुढचे दोन पाय वर आले तरी टक्. उतरताना आधी जिन्याची शेवटची एकच पायरी घ्या. तुम्ही तिच्या खालच्या बाजूला उभे राहा, ‘उतर’ म्हणा आणि तळहात खालच्या पातळीवर नाकाजवळ धरा. पुढचा पाय हवेत चाचपतो, मागे जातो, पुन्हा चाचपतो. ढकलू नका, हे चाचपणं म्हणजेच शिकणं. दोन दिवसांनी शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. घसरून एकदा पडली तर पंधरा दिवस मागे जाल, म्हणून हार्नेसला धरायला पाठीवर हँडल असेल असाच घ्या. घरात कोणी नसताना जिना उघडा राहायला नको, लहान मुलांचं फाटक लावा.

लिफ्टची फट तिला दिसत नाही, पण पंजाला लागते आणि ती दचकते. आधी तुम्ही आत, दार धरून ठेवा, मग ‘शिव’. तिसऱ्या मजल्यावरून रोज दोन-तीनदा जायचं आहे, तेव्हा लिफ्टचा सराव पहिल्याच आठवड्यात करा.

रस्त्यावर गळपट्टा ओळखपत्रासाठी, ओढायला हार्नेस. लीश दीड मीटरची साधी. मागे गुंडाळली जाणारी लांब लीश नको. तिच्यावर ताण कधी येणार हे कुत्रीला कळत नाही. गळ्यात फोन नंबर आणि ‘मला दिसत नाही’ अशी पाटी. सकाळी लवकर, रोज तोच रस्ता. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर तिचे पंजेही भाजतात. गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द कुठे सुरू होते ते आधी एकटे फिरून बघून ठेवा. दोन कुत्री समोरासमोर आली की एकमेकांच्या शेपट्या-कान बघून निम्मा वाद तिथेच मिटवतात. ही ते बघू शकत नाही, उत्तरही देत नाही. मग समोरच्याला वाटतं ही मुद्दाम उद्धटपणा करतेय. टोळी आली तर तिला भिंतीच्या आणि तुमच्या मध्ये घ्या आणि चालत राहा.

पाइपचं कडं

बाजारात ‘हेलो’ नावाचं कडं मिळतं. नाकापुढे गोल, आपटायच्या आधी तेच टेकतं. घरी करायचं तर ठिबक सिंचनाची १६ मिमीची लॅटरल नळी घ्या, शेतीच्या दुकानात मीटरवर मिळते. १४ किलोच्या कुत्रीला सव्वा मीटर पुरते. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की चिरडल्याशिवाय वळते. यू आकार द्या. दोन टोकं हार्नेसच्या खांद्यांच्या पट्ट्यांवर, प्रत्येक बाजूला दोन केबल टायने. पुढचा गोल भाग नाकापुढे चार बोटं आणि खालच्या जबड्याच्या उंचीला. एवढ्याने तो खाली झुकतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या मधून नाडी बांधून ती हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला ताणून घ्या. टायची कापलेली टोकं आतल्या बाजूला टोचतात, ती वर वळवून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. गळपट्ट्याला हे कडं कधीच बांधू नका. धक्का बसला की सगळा जोर मानेवर येतो, आणि मानेवर दाब आला की डोळ्यातलं प्रेशरही वाढतं.

दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं, नजरेसमोर असताना. जेवताना, झोपताना काढा. जमिनीलगतच्या वस्तू, म्हणजे बादली, वीट, चप्पल, याने चुकत नाहीत. आणि कुत्री मुळातच धीट असेल तर मी हे लावू नका असंच सांगेन. कड्याने आपटणं वाचतं, पण मिशा आणि नाक वापरून अंतर ओळखणं राहून जातं. भित्र्या कुत्रीला पहिले दोन-तीन आठवडे चालायचं धाडस यावं म्हणून ते चांगलं. त्या मिशा मात्र कोणी ‘स्वच्छ दिसतील’ म्हणून कातरू नयेत.

घरातला कुत्रा आणि मुलगी

चौदा दिवसांनी पहिली भेट घराबाहेर, दोघे लीशवर, दोन वेगळी माणसं, दहा पावलांच्या अंतराने एकाच दिशेने चालणं. तीन-चार दिवस नुसतं एवढंच. मग अंतर कमी करत जा. तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधा, गिळता येणार नाही एवढं मोठं. जेवण वेगळ्या खोल्यांत. तो ताठ उभा राहून तिच्याकडे टक लावून बघायला लागला की लगेच त्याला हाक मारून बाजूला घ्या. डोळस कुत्रीने ती नजर ओळखून मान वळवली असती. ही तशीच पुढे चालत त्याच्या अंगावर जाते. सहा वर्षांच्या शांत कुत्र्याला याची सवय होते, पण त्याला तिच्यापासून दूर जायला उंच जागा किंवा दुसरी खोली हवी.

मुलीला तीन गोष्टी सांगा: झोपलेली असताना नाही, खात असताना नाही, ‘हात’ म्हटल्याशिवाय नाही. पायात पैंजण घातलं तर उत्तमच. दोघींना एकटं सोडू नका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना, कुत्रीची लस झालेली असली तरी.

शी-शूचं वेगळं काही नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी आणि झोपण्याआधी, लीशवर, नेहमी त्याच जागी. पहिल्यांदा शू केलेला कागद तिथे नेऊन ठेवला तर वास जागा सांगतो. घरात झालं तर रागावू नका, आवाज चढवला की तिचा दिशेचा एक भरवशाचा आधार बिघडतो.

पाचव्या आठवड्यापासून

आता घर मोडायला लागा. एक खुर्ची वीतभर सरकवा, तिला तिथून जाऊ द्या. आपटली तर हळू आपटेल, एव्हाना ती मोकळ्या जागेतही पाय उचलून अंदाज घेत चालते. दुसऱ्या दिवशी टीपॉय. मग ठाणं सोडून सगळी खोली. त्यानंतर मित्राचं घर: तिन्ही पायपुसणी घेऊन जा, त्याच अर्थाने मांडा. गोणपाटापासून सुरू करून भिंत डाव्या हाताला ठेवत खोलीला एक फेरी, परत गोणपाट. तीन फेऱ्या. मग उलट्या दिशेने तीन. लीश खाली सोडा आणि ती दारातून पाण्यापर्यंत एकटी यायला किती मिनिटं घेते ते वहीत लिहा. पुढच्या घरी पुन्हा तेच. मिनिटं कमी होत गेली पाहिजेत. चार वेगवेगळ्या घरांत झालं की ही कुत्री दत्तक द्यायला तयार आहे. तसं होत नसेल तर दोन महिन्यांची मुदत वाढवून मागा, घाई करू नका.

दिवाळी मध्ये येत असेल तर ते आठ दिवस हा सराव बंद. गणपतीत मखरासाठी हॉल पालटणार असेल तर तोच एक सराव समजा, फक्त आरती आणि ढोलाच्या वेळी तिला बंद खोलीत ठेवा.

दत्तक घेणाऱ्यांना बघायला बोलवाल तेव्हा तिला खेळताना दाखवा: तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली चिकन, किंवा आत घंटा असलेला चेंडू. ‘अगं बाई, बिचारी’ म्हणत डोळे पुसणाऱ्या माणसापेक्षा ‘ही रात्री किती वाजता शू करते?’ विचारणारा माणूस बरा. त्यांना तुमच्याकडे दोनदा बोलवून सहा शब्द त्यांच्या तोंडून म्हणवून घ्या, लीश त्यांच्या हातात द्या. एका कागदावर सहा शब्द, तीन पायपुसण्यांचे अर्थ, औषधं आणि वेळापत्रक लिहा. जमलं नाही तर कुत्री तुमच्याकडे किंवा गटाकडेच परत येईल, रस्त्यावर नाही, हे करारात लिहून घ्या. नव्या घरी पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः जा, पायपुसणी मांडा, फेऱ्या घाला आणि ती पाणी पिऊन बसली की निरोप न घेता निघा. जायच्या आधीच्या आठ दिवसांत ती तिन्ही पायपुसणी धुऊ नका.